अर्ध्या तळ्यात अर्धं पाणी नसतं: बहुपदीची ओळख

बदनापूरच्या पुढे माझ्या मामाची मोसंबीची बाग आहे. बागेच्या वरच्या अंगाला शेततळं. वर ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, आत पन्नी अंथरलेली. मागच्या एका उन्हाळ्यात, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, मामाने काठावर उभं राहून पाणी पाहिलं. दीड मीटर होतं. तीनचं निम्मं दीड. काठोकाठ भरलं की या तळ्यात २२ लाख लिटर मावतं, असं खोदणाऱ्याने त्याला सांगून ठेवलेलं. म्हणजे ११ लाख लिटर शिल्लक. ४०० झाडं, ठिबकवर रोज २२ हजार लिटर. मामाने बोटांवर भागाकार केला. ५० दिवस. "मिरगालोक पुरतं," म्हणाला आणि निवांत झाला.

मे संपायच्या आतच तळाची पन्नी उघडी पडली.

थोडं पाणी उन्हानं पिलं, ते दरवर्षीचंच. पण खरी चूक पहिल्याच दिवशी झाली होती. तळ्यात ११ लाख लिटर नव्हतंच. सव्वा लाखाच्या आसपास कमी होतं. दहा हजारी टँकर धरले तर बारा टँकर. मी अंबडला नववी-दहावीच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे मामाचा राग माझ्यावर निघाला: "मास्तर, लेकरांना एवढं गणित शिकवायलास, मग हे तळं मला कसं फसवायलंय ते सांग की!"

त्याचं उत्तर नववीच्या गणितातल्या 'बहुपदी' या प्रकरणात आहे. हे प्रकरण पोरं पाठ करून परीक्षेत उतरवतात आणि सुट्टीत विसरतात. दोष त्यांचा नाही. आपण त्यांना 'क्ष' दाखवतो, तळं दाखवत नाही.

तळ्यातल्या पाण्याचे तुकडे

शेततळ्याच्या बाजू आडाच्या भिंतीसारख्या सरळ उभ्या नसतात, तशा ठेवल्या तर ढासळतात. त्यांना उतार देतात. मामाची जमीन मुरमाड, म्हणून उतार एकास एक: एक मीटर खाली गेलं की बाजू एक मीटर आत सरकते. काळ्या भारी मातीत याहून सपाट उतार ठेवावा लागतो. तर ३ मीटर खाली जाता जाता दोन्हीकडून तीन-तीन मीटर आत आलो आणि तळ उरला २४ बाय २४ मीटरचा.

आता तळापासून क्ष मीटर पाणी आहे असं धरा. क्ष किती ते आज माहीत नाही, उद्या वेगळं असेल, म्हणूनच त्या जागी आकडा न लिहिता अक्षर लिहायचं. या पाण्याचे मनातल्या मनात सुरीने तुकडे करा, बर्फी कापतो तसे.

तळाच्या चौकोनावर सरळ उभा राहणारा मधला ठोकळा घ्या. लांबी २४, रुंदी २४, उंची क्ष. त्यातलं पाणी ५७६क्ष घनमीटर.

या ठोकळ्याच्या चारी अंगांना, उताराच्या आणि ठोकळ्याच्या मध्ये, पाचरीसारखे तुकडे उरतात. प्रत्येक पाचर २४ मीटर लांब, आणि तिचं तोंड त्रिकोणी: पाया क्ष, उंची क्ष. त्रिकोणाचं क्षेत्रफळ क्ष²/२, म्हणून एका पाचरीत १२क्ष², चार पाचरींत ४८क्ष².

मग राहिले चार कोपरे. प्रत्येक कोपऱ्यात एक लहानसा, उलटा पडलेला मनोरा. त्याचं घनफळ क्ष³/३. चार मिळून (४/३)क्ष³.

सगळं पाणी म्हणजे या तीन जातींच्या तुकड्यांची बेरीज:

पाणी = ५७६क्ष + ४८क्ष² + (४/३)क्ष³

ही झाली बहुपदी. बहु म्हणजे अनेक, आणि पद म्हणजे बेरजेतला एकेक तुकडा. इथे तीन पदं आहेत. क्ष हा चल, कारण तो चालतो, बदलतो. ५७६, ४८ आणि ४/३ हे सहगुणक. प्रत्येक पदात क्ष किती वेळा स्वतःशी गुणला आहे तो घातांक, आणि सगळ्यांत मोठा घातांक ही बहुपदीची कोटी. मामाच्या तळ्याची कोटी ३. एवढ्या शब्दांत प्रकरणाची पहिली चार पानं आटोपली.

शब्दांपेक्षा पदांचे स्वभाव बघण्यासारखे आहेत. पाणी दुप्पट उंच झालं तर मधला ठोकळा दुप्पट होतो, पाचरी चौपट होतात आणि कोपरे आठपट. तिघं एका घरात राहतात, पण एका चालीने वाढत नाहीत. मामाने धरलं होतं की सगळं तळं ठोकळ्याच्या चालीने चालतं. आता क्ष = ३ ठेवून बघा: १७२८ + ४३२ + ३६ = २१९६ घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणजे खोदणाऱ्याचे २२ लाख बरोबरच होते. क्ष = १.५ ठेवा: ८६४ + १०८ + ४.५ = ९७६.५ घनमीटर. ठोकळा बरोब्बर निम्मा झाला, पाचरी पाव झाल्या, कोपरे आठव्या हिश्श्यावर आले. एकूण ९ लाख ७६ हजार ५०० लिटर, भरलेल्या तळ्याच्या ४४ टक्क्यांच्या जरा वर. रोजच्या २२ हजारांनी ५० नाही, ४४ दिवस, आणि तेही ऊन पाणी पीत नाही असं धरून.

मीटरा-मीटराने पाहिलं तर अजून स्पष्ट दिसतं. सगळ्यांत खालच्या मीटरभर थरात ६२५ घनमीटर, मधल्यात ७२९, वरच्यात ८४१ (दशांश सोडून दिलेत). ८४१ वजा ७२९ म्हणजे ११२. ७२९ वजा ६२५ म्हणजे १०४. आणि ११२ वजा १०४ म्हणजे ८. याच तळ्याचा असाच चौथा, पाचवा मीटर असता तरी या तिसऱ्या फरकात ८च आले असते. कोटी ३ असलेल्या कोणत्याही बहुपदीत तिसरा फरक कायम एकच राहतो, कोटी २ असेल तर दुसरा. आकड्यांच्या रांगेमागे बहुपदी लपली आहे का, हे हुंगायची ही जुनी युक्ती. पुढे कामाला येणार आहे, लक्षात असू द्या.

मोठ्या पाणसाठ्यांनाही हेच लागू. नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, पातळी फुटांत सांगतात आणि साठा टक्क्यांत. १५२२ फुटांना जायकवाडी भरतं, पण पातळी एक फूट चढली की टक्के दरवेळी सारखेच चढतील असं नाही. तळाजवळच्या फुटात पाणी कमी, काठाजवळच्या फुटात कितीतरी जास्त. शिवाय बातमीतले टक्के असतात ते मृतसाठा, म्हणजे तळाशी अडकून राहणारं पाणी, सोडून वरच्या पाण्याचे. धरण काही चौकोनी नसतं, म्हणून तिथे साधं सूत्र चालत नाही. पातळी आणि साठ्याचा तक्ता मोजणी करून बनवावा लागतो.

काय बहुपदी, काय नाही

नियम एकच, पण कडक. चलावर फक्त बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार एवढंच करायचं. क्षने भागायचं नाही, क्षचं वर्गमूळ काढायचं नाही. १२०० रुपयांचा टँकर क्ष घरांनी वाटून घेतला तर प्रत्येकी १२००/क्ष रुपये, ही बहुपदी नाही. √क्ष ही नाही. नुसता ५ मात्र बहुपदी आहे, कोटी शून्य. सहगुणक कसलेही चालतात, अपूर्णांक असोत की √२. बंधन आहे ते घातांकांवर: ०, १, २, ३ असेच हवेत.

तुम्ही पहिलीपासून बहुपदीच लिहीत आलात, हे कोणी सांगितलं नसेल. ४३७२ म्हणजे काय? ४ हजार, ३ शेकडे, ७ दशक, २ एकक. म्हणजे ४×१०³ + ३×१०² + ७×१० + २. दहाच्या जागी क्ष लिहिला की झाली बहुपदी, ४क्ष³ + ३क्ष² + ७क्ष + २. हातचा सोडला तर बहुपदींची बेरीज-गुणाकार आणि संख्यांची बेरीज-गुणाकार एकच. ११ चा वर्ग १२१, घन १३३१, चौथा घात १४६४१. (क्ष + १) चे घात उलगडा, सहगुणक येतात १, २, १ मग १, ३, ३, १ आणि मग १, ४, ६, ४, १. पाचव्या घाताला १०-१० येतात, संख्येत तिथे हातचा लागतो आणि ११ चा पाचवा घात १६१०५१ असा ओळख न पटणारा होऊन बसतो. बहुपदीत हातचा नसतो, म्हणून तिची रचना उघडी दिसते.

फक्त बेरीज आणि गुणाकार हे बंधन वाटतं, पण बहुपदीची सगळी ताकद त्यातच आहे. बेरीज-गुणाकार कुणालाही जमतात, दुसरीतल्या पोरीला आणि मोबाईलमधल्या चिपलाही. तळ्याची बहुपदी अशी लिहून बघा: ((४/३ × क्ष + ४८) × क्ष + ५७६) × क्ष. घात काढायची भानगडच नाही. गुणा, मिळवा, गुणा, मिळवा, गुणा. पोरं ज्या 'संश्लेषक भागाकार पद्धती'ला कंटाळतात ती म्हणजे हीच मांडणी आडवी लिहिलेली.

आता ज्या गोष्टी बेरीज-गुणाकाराने निघत नाहीत त्यांचं काय? त्यांच्या जागी बहुपदीला उभं करायचं. ३० अंशांचा साइन ०.५ हे आपल्याला पाठ आहे, पण ३१ अंशांचा कुठून आणायचा? कोनाचं माप रेडियनमध्ये (अंशांऐवजी वापरायचं कोनाचं दुसरं एकक) घ्या, त्याला क्ष म्हणा, आणि क्ष − क्ष³/६ + क्ष⁵/१२० एवढं मोजा. ३० अंशांसाठी क्ष = ०.५२३६, आणि तीन पदांत उत्तर येतं ०.५००००३. पदं वाढवत गेलात तर हवं तेवढं जवळ जाता येतं. ही अखंड मालिका केरळच्या माधवाने चौदाव्या शतकाच्या सुमारास शोधली, युरोपात ती सतराव्या शतकात आली. कॅल्क्युलेटरच्या आत साइनचं कोष्टक भरून ठेवलेलं नसतं, असल्याच बेरजा-गुणाकारांच्या युक्त्या असतात.

आणि तुम्ही आत्ता ज्या 'क्ष'कडे बघताय, त्याची पोटातली गाठसुद्धा बहुपदीनेच काढलेली आहे. मोबाईलमधल्या अक्षरांच्या कडा म्हणजे कोटी २ किंवा ३ च्या बहुपदींचे छोटे छोटे वक्र, एकाला एक जोडलेले. म्हणून अक्षर कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. फ्रान्समधल्या मोटारगाड्यांच्या कारखान्यांत १९६० च्या आसपास पत्र्यांची वळणं आखायला हे वक्र निघाले.

हरवलेलं परत आणणारी

दोन खुंट्यांमधून एकच सरळ रेषा जाते. तीन ठिकाणांमधून कोटी २ पर्यंतची एकच बहुपदी जाते, चारांमधून कोटी ३ पर्यंतची एकच. (ठिकाणं वेगवेगळ्या क्षवर हवीत, एवढीच अट.) ऐकायला साधं वाटतं, पण मला विचाराल तर बहुपदीचा सगळ्यांत कामाचा गुण हाच.

समजा गावातल्या एका पतपेढीच्या तिजोरीचा आकडा पाच संचालकांत वाटून द्यायचा आहे. एकट्यादुकट्याला तिजोरी उघडता येऊ नये, पण कोणतेही तिघं एकत्र बसले तर उघडावी. आकडा समजा ४७. त्याला दोन मनाला येतील ते सहगुणक जोडा: ४७ + ५क्ष + २क्ष². आता पहिल्याला क्ष = १ ची किंमत चिठ्ठीवर द्या, दुसऱ्याला २ ची, अशा पाच चिठ्ठ्या: ५४, ६५, ८०, ९९, १२२. बहुपदी जाळून टाका.

पहिले तिघं जमले. ५४, ६५, ८०. फरक ११ आणि १५. फरकांचा फरक ४, आणि कोटी २ असल्यामुळे तो कायम ४च राहणार. मग मागे चला. ११ च्या आधीचा फरक ७, आणि ५४ च्या आधीची किंमत ४७. क्ष = ० ची किंमत हाच आकडा. तिजोरी उघडली. दोघंच असतील तर? ५४ आणि ६५ मधून जाणारे कोटी २ चे वक्र अगणित, आणि प्रत्येक वक्र शून्यावर वेगळाच आकडा दाखवतो. ही योजना आदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडली. प्रत्यक्षात सगळा हिशेब एका मोठ्या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाकीत करतात, नाहीतर दोन चिठ्ठ्यांवरूनही अंदाज बांधता येतो. गाभा मात्र एवढाच.

याच गुणाची दुसरी बाजू रसवंतीवर दिसते. उन्हाळ्यात रसवंतीच्या लाकडी फळीला चिकटवलेला क्यूआर कोड बघा. उन्हाने फिका झालेला, रसाचे डाग, एक कोपरा उडालेला. तरी पैसे जातात. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीने हा कोड काढला, आणि त्याच्या आत रीड आणि सोलोमन यांची १९६० मधली पद्धत बसवली. मजकुराचे आकडे एका बहुपदीचे सहगुणक मानायचे. तिला एका ठरलेल्या बहुपदीने भागायचं. येणारी बाकी मजकुराच्या शेवटी अशी जोडायची की सगळं मिळून त्या ठरलेल्या बहुपदीने निःशेष भागलं जाईल. मोबाईल कोड वाचतो आणि काही ठरावीक किमती ठेवून बघतो. सगळीकडे शून्य आलं तर मजकूर शाबूत. नाही आलं, तर शून्याऐवजी काय आलं त्यावरून कुठला आकडा बिघडला आणि तो मुळात किती होता हे काढतो. सगळ्यांत भक्कम प्रकारच्या कोडमध्ये सुमारे ३० टक्क्यांपर्यंतचा बिघाड असा भरून निघतो. नववीतला 'शेष सिद्धांत' हाच: बहुपदीला (क्ष − अ) ने भागल्यावर उरणारी बाकी म्हणजे क्ष = अ ठेवून आलेली किंमत. फक्त इथले आकडे साधे नसतात, २५६ चिन्हांच्या एका बंदिस्त जगातले असतात, त्यांची बेरीज-गुणाकाराची रीत वेगळी असते.

या गुणाचा गैरवापरही होतो. पोलीस भरतीची पोरं 'पुढची संख्या ओळखा' सोडवत बसतात: २, ४, ६, ८, ? सगळे १० म्हणतात. मी ३४ म्हणतो. २क्ष + (क्ष − १)(क्ष − २)(क्ष − ३)(क्ष − ४) ही बहुपदी १ ते ४ पर्यंत २, ४, ६, ८ च देते, आणि पाचव्याला १० + २४. हवी ती संख्या आणता येते. पोरांना मी सांगतो, परीक्षेत १० च लिहा, पण चारच आकडे बघून पाचवा सांगणाऱ्याला ओळखून राहा. गेल्या चार वर्षांच्या पावसाच्या आकड्यांवर सुरेख वक्र बसवून यंदाचा पाऊस सांगणारे दरसाल निघतात. ठिकाणं आहेत तेवढ्यांमधून बहुपदी नेमकी जाते, पण शेवटच्या ठिकाणाच्या पुढे ती कुठे भरकटेल याची हमी ती देत नाही. मोठ्या कोटीची तर दोन ठिकाणांच्या मधल्या जागेतही उड्या मारू शकते.

उलटा प्रश्न

मामाने पुढचा प्रश्न विचारला तो खरा अवघड. "दीड मीटरला अर्धं नाही ना? मग अर्धं कितीला?"

आतापर्यंत क्ष देऊन पाणी काढत होतो. आता पाणी देऊन क्ष काढायचा. (४/३)क्ष³ + ४८क्ष² + ५७६क्ष = १०९८ (२१९६ चं निम्मं). हे घनसमीकरण. बहुपदीची किंमत काढणं ही उतरण, तिचं मूळ, म्हणजे ठरलेली किंमत देणारा क्ष, शोधणं हा चढ. कोटी २ पर्यंतचं सूत्र दहावीत शिकवतात. ३ आणि ४ ची सूत्रं १५४५ मध्ये इटलीत कार्दानोने छापून प्रसिद्ध केली. कोटी ५ साठी असं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेलने १८२४ मध्ये, बाविसाव्या वर्षी दाखवून दिलं. सूत्र नाही म्हणून काम अडत नाही, जवळजवळची किंमत हवी तितकी बारीक काढता येते. पण मामाच्या समीकरणासाठी मला इटलीला जावं लागलं नाही. कन्नडचा घाट उतरलो तेवढं पुरे झालं.

घाट उतरून चाळीसगावच्या रस्त्याला लागलं की जवळच पाटण. तिथल्या देवळात शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी, आणि आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने पाटणला मठ उभा केला, असं त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला देवगिरी होता, त्या काळात त्या दरबाराच्या आश्रयाने या डोंगरांच्या पायथ्याशी बीजगणिताचे वर्ग भरत होते.

त्या वर्गांत क्ष नव्हता. अव्यक्ताला 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे 'जेवढं असेल तेवढं', आणि लिहिताना नुसतं 'या'. दुसरं अव्यक्त आलं तर रंगांची नावं: कालकचा 'का', नीलकचा 'नी', पीतकचा 'पी'. वर्गाला 'व', घनाला 'घ', नुसत्या संख्येला 'रू'. आपल्या शाळांत पोरं क्षला घाबरतात, मला वाटतं 'जेवढं असेल तेवढं' म्हटलं असतं तर कमी घाबरली असती.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त तर खड्ड्यांच्या हिशेबाला वेगळं प्रकरणच आहे, खातव्यवहार. तोंड मोठं आणि तळ लहान अशा खड्ड्यासाठी नियम असा: तोंडाचं क्षेत्रफळ घ्या, तळाचं घ्या, आणि तोंड-तळाच्या बाजूंची बेरीज करून तेवढ्या बाजूंच्या चौकोनाचं घ्या. तिन्हींची बेरीज करा, सहाने भागा, खोलीने गुणा. मामाचं तळं टाकून बघा. ९०० + ५७६ + ५४ चा वर्ग म्हणजे २९१६, एकूण ४३९२. सहाने भागून ७३२, तिनाने गुणून २१९६. लिटरचाही फरक नाही. लीलावतीचं साल ११५०, शेततळ्याची पन्नी आली त्याच्या आठेकशे वर्षं आधीचं.

आणि त्यांच्याच 'बीजगणित' ग्रंथात एक घनसमीकरण आहे: क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५. घनसमीकरणाचं सर्वसाधारण सूत्र तिथे नाही, युक्ती आहे. ६क्ष² डावीकडे आणा आणि दोन्ही बाजूंतून ८ वजा करा. डावीकडे उरतं क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ८, हा (क्ष − २) चा पूर्ण घन. उजवीकडे २७, तोही पूर्ण घन. घनमूळ काढलं की क्ष − २ = ३, क्ष = ५.

हीच युक्ती तळ्याला. समीकरणाला पाऊणाने गुणा: क्ष³ + ३६क्ष² + ४३२क्ष = ८२३.५. दोन्हीकडे १७२८ मिळवा, डावी बाजू (क्ष + १२) चा घन होते. उजवीकडे २५५१.५, त्याचं घनमूळ १३.६६. म्हणून क्ष = १.६६ मीटर.

हे १२ कुठून आले म्हणून मी घरी कागदावर तळ्याची उभी चीर काढून बघितली. मामाचं तळं त्याच उताराने खाली खोदत गेलो, तर चारी बाजू आणखी १२ मीटर खाली एका टोकाला मिळतात. क्ष + १२ ही त्या न खोदलेल्या टोकापासूनची उंची. तळं म्हणजे एका मोठ्या उलट्या मनोऱ्याचं टोक कापून उरलेला भाग. ती तीन पदं या एका आकृतीतून निघाली होती.

जूनमध्ये, पाऊस पडायच्या आधी, तळं कोरडं होतं तोवर आम्ही ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यात सिमेंट भरून त्यात एक पाइप उभा केला आणि डब्याखाली जुन्या पोत्यांच्या घड्या देऊन तो तळाच्या मधोमध ठेवला. पाइपवर लाल पट्टे: पाव तळं ८९ सेंटिमीटरला, अर्धं १ मीटर ६६ ला, पाऊण २ मीटर ३६ ला, आणि पूर्ण ३ मीटरला. खालचा पट्टा लांब, वर जाऊ तसतसे जवळ जवळ.

गणपतीच्या सुमारास शेजारच्या शेतातले बप्पा तळं बघायला आले. पाणी तिसऱ्या पट्ट्याला टेकलं होतं. पाइपकडे बघून म्हणाले, "हे पट्टे असे वाकडेतिकडे कामून मारले? टेप नव्हता का?"

मामा हसला. "टेपनंच मारलेत बप्पा. तळात पाण्याला जागा कमी असती, म्हणून तो पट्टा लांब."